बाळहिरड्याचे डोंगर

गुटीतला बाळहिरडा आपण सर्वांनीच सहाणेवर उगाळला आहे. तो येतो कोठून, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. माझे माहेर आंबेगाव तालुक्यातले, भीमाशंकरच्या डोंगरातले, म्हणून चिटणीसबाईंनी हा विषय मजकडे सोपविला.

डोंगरातले घर नुसत्या शेतावर कधी चालले नाही. खाचरे लहान आणि पाऊस माती धुवून नेणारा. त्यासाठी उन्हाळ्यात राब भाजायचा. डहाळ्या, पालापाचोळा, शेण, गवत यांचे थर जमिनीवर अंथरायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचे. तण जळते, राखेचे खत होते व पहिल्या पावसावर तेथे भात-नाचणीची रोपे येतात. डहाळी अर्थातच रानातली. इंग्रज सरकारने १८७८ साली जंगलाचा कायदा केला, तेव्हापासून या डहाळीवरून तंटे वाढले. ठाणे-कुलाब्याकडे तर एवढी ओरड झाली की, १८८५ साली सरकारला चौकशीचे कमिशन नेमावे लागले. झाडे राखायला हवीत हे खरेच. पण राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर भाकरी नाही.

नाचणी कणगीत वर्षानुवर्षे टिकते. घराचा कूड कारवीचा. करवंदे, रानभाज्या, मध हेही रानच देते. अडते ते मीठ, तेल व लुगडे यांपाशी, कारण त्यांना रोकड लागते. ती हिरड्याने दिली.

हिरड्याचे कोवळे फळ, आत बी धरण्यापूर्वीच उतरविलेले, म्हणजे बाळहिरडा. पिकलेला हिरडा कातडी कमावायला जातो. पूर्वी त्याची शाईही करीत. झाडावर चढून झोडणे पुरुषांचे. खाली वेचणे, वाळत घालणे, वरखाली करणे, आणि वळवाचे ढग दिसताच सगळे गोळा करून घरात घेणे हे बायकामुलांचे. भिजला की बुरशी येते, मग भाव कोण देतो? खानेसुमारीच्या वेळी आई ‘घरकाम’ एवढेच सांगे. वैशाखातला हिरडा त्यात धरीत नसावेत!

पूर्वी व्यापारी उचल देई आणि भावही तोच ठरवी. १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ निघाले व त्याने हिरड्याचीही खरेदी केली, तेव्हा दुसरे दार उघडले.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. आंबेगाव-जुन्नरकडे झाडावरचा हिरडा गळून गेला, झाडेही मोडली. भात बुडाला तर कागदावर काय लिहायचे हे ठरलेले असते. हिरडा ना पेरलेला, ना लावणी केलेला. भरपाईसाठी लोकांना कित्येक वर्षे अर्ज करावे लागले, मोर्चे काढावे लागले. त्यांत डोक्यावर पदर घेतलेल्या, हिरडा वेचून बोटे काळी झालेल्या बायका पुष्कळ होत्या.