भाडेकरूने केलेल्या सुधारणांचा खर्च कोणाचा?

नोकरीनिमित्त बंगळुरूला जाणाऱ्या कुटुंबाला भाड्याचे घर अनेकदा रिकाम्या स्थितीत मिळते. न्हाणीघरात गिझर नसतो, खिडक्यांना डासांची जाळी नसते, स्वयंपाकघरात ओटा असतो पण ट्रॉल्या नसतात. कुटुंब पदरचे पैसे घालून या सोयी करून घेते आणि घर सोडताना हा खर्च घरमालकाकडून मागता येईल काय, असा प्रश्न उपस्थित होतो. कायद्याचे उत्तर बहुतांश प्रसंगी नकारार्थी आहे. मात्र त्याला काही महत्त्वाचे अपवाद आहेत.

कर्नाटक भाडे कायदा, १९९९ हा ३१ डिसेंबर २००१ पासून अमलात आला. परंतु बंगळुरूमध्ये दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक मानक भाडे असलेल्या जागा त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आल्या आहेत. एवढ्या भाड्यात या शहरात आज कुटुंबाला घर मिळणे दुरापास्तच. त्यामुळे बहुसंख्य भाडेकरूंना दोनच आधार उरतात : स्वतःचा भाडेकरार आणि मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२.

या अधिनियमाच्या कलम १०८ मध्ये घरमालक व भाडेकरू यांचे हक्क आणि कर्तव्ये नमूद आहेत. मात्र विरुद्ध अर्थाचा करार अथवा स्थानिक रूढी नसेल तरच ती लागू होतात. करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी ही अट ध्यानात घेतली जात नाही, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

या कलमानुसार भाडेकरूने जागेला जोडलेल्या वस्तू त्याला काढून नेता येतात. त्यासाठी दोन अटी आहेत. जागेचा ताबा त्याच्याकडे असेपर्यंतच वस्तू काढल्या पाहिजेत आणि जागा मिळाली होती त्याच स्थितीत परत केली पाहिजे. म्हणजे गिझर नेता येतो, पण भिंतीतील छिद्रे बुजवून द्यावी लागतात. किल्ल्या सुपूर्द केल्यानंतर या तरतुदीचा आधार उरत नाही. ज्या वस्तू काढता येत नाहीत, उदाहरणार्थ बदललेल्या फरश्या किंवा भिंतीत बांधलेली कपाटे, त्यांची भरपाई देण्याची तरतूद या कलमात नाही. कलम ५१ मध्ये सुधारणांच्या मोबदल्याचा उल्लेख आहे. परंतु आपण मालक आहोत असे सद्भावनेने समजून खर्च करणाऱ्यासाठी ते आहे. भाडे भरणाऱ्याला तसा दावा करता येत नाही.

दुरुस्तीचा प्रश्न वेगळा आहे. जी दुरुस्ती करण्यास घरमालक बांधील आहे, ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. येथे ‘बांधील’ हा शब्द कळीचा आहे. प्रत्येक गळती वा ओल घरमालकानेच दुरुस्त करावी, असे हे कलम म्हणत नाही. ते बंधन करारातून यावे लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने मात्र ते थेट घरमालकावर टाकले आहे. पंधरा दिवसांची सूचना देऊन भाडेकरू तेथे दुरुस्ती करू शकतो. पण एका वर्षात वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक रक्कम वळती करता येत नाही.

घरमालकाच्या संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम करण्यास कलम १०८ मनाई करते. कायमस्वरूपी कशाला म्हणावे, यावर न्यायालयांत बराच खल झाला आहे. ओमप्रकाश विरुद्ध अमर सिंह या १९८७ च्या प्रकरणात, पाया न खणता उभारलेली सहा फूट उंचीची आडभिंत म्हणजे जागेतील मूलभूत बदल नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. महाराष्ट्राच्या कायद्यात तर लाकडी आडोसा, स्वयंपाकाचा उभा ओटा, वातानुकूलन यंत्र आदी कामे महापालिकेच्या परवानगीने केलेली असल्यास कायमस्वरूपी बांधकाम ठरत नाहीत, असे स्पष्टीकरण आहे. संमतीबाबत एक गैरसमज मात्र सर्वत्र आढळतो. ‘करून घ्या’ असे घरमालकाने म्हणणे ही केवळ परवानगी असते, खर्च देण्याचे वचन नव्हे.

बंगळुरूमध्ये दहा महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत रक्कम घेण्याची प्रथा दीर्घकाळ रूढ होती. घर सोडताना रंगरंगोटीसाठी एका महिन्याचे भाडे कापून घेण्याची पद्धतही परिचित आहे. नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूने भरून द्यावी, असे कायदा सांगत नाही. पण करारात तसे कलम असल्यास ते प्रभावी ठरते. घरात स्वखर्चाने रंग दिलेल्या भाडेकरूकडूनही ही कपात होऊ शकते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचा रंग व नळवाहिन्या बदलणे घरमालकाकडे, तर नळ, गिझर व विजेची बटणे यांची दुरुस्ती भाडेकरूकडे सोपवण्यात आली आहे. राज्याने तसा कायदा केल्याखेरीज हा मसुदा बंधनकारक होत नाही.

कराराची मुदतही विचारात घ्यावी लागते. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी अनिवार्य असल्याने ११ महिन्यांचे करार प्रचलित आहेत. लाखभर रुपये खर्चून स्वयंपाकघर सजवणाऱ्यास बाराव्या महिन्यात तेथे राहण्याची हमी त्यातून मिळत नाही.

म्हणून काम सुरू होण्यापूर्वी वस्तू, तिची किंमत आणि घर सोडताना ती कोणाची राहील, हे लेखी ठरवणे इष्ट असते. घरात येतानाच्या स्थितीची छायाचित्रे करारासोबत जोडता येतात. खर्च वळता करण्याची रीतही त्यातच लिहिता येते. समजा, गिझर ८,००० रुपयांचा आहे. आठ महिने भाड्यातून दरमहा १,००० रुपये वजा होतील आणि नंतर गिझर घरमालकाचा राहील, असे दोन ओळींचे पत्र उभयतांच्या स्वाक्षरीसह पुरेसे ठरते.