उलट फिरणारे चंद्र आणि लाप्लास यांचा सिद्धांत

१/ इ.स. १७९६. फ्रेंच गणिती पिएर-सिमाँ लाप्लास यांचा विश्वरचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एका विलक्षण मेळाकडे लक्ष वेधले: ज्ञात ग्रह सूर्याभोवती एकाच दिशेने फिरतात आणि त्यांचे उपग्रहही त्याच दिशेने. सूर्याच्या उत्तरेकडून पाहिल्यास ही दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट आहे.

२/ हा निव्वळ योगायोग असणे जवळजवळ अशक्य, असे लाप्लास यांनी संभाव्यतेच्या आधारे मांडले. त्यांच्या मते सूर्याभोवतीचे फिरते, तप्त वायूचे आवरण निवत आकसत गेले आणि त्यातूनच ग्रह घडले. मूळ एक, म्हणून दिशाही एक.

३/ अवघ्या दोन वर्षांनी या मेळाला तडा गेला. विल्यम हर्शेल यांनी १७८७ मध्ये युरेनसचे दोन उपग्रह शोधले होते. १७९८ मध्ये त्यांनी जाहीर केले की, त्या उपग्रहांची गती उलट आहे. त्यांच्या कक्षा जवळजवळ उभ्याच होत्या.

४/ पुढे अपवाद वाढत गेले. १८४६ मध्ये नेपच्यूनच्या शोधानंतर १७ दिवसांनी विल्यम लॅसेल यांना त्याचा उपग्रह ट्रायटन दिसला. तोही उलटा फिरणारा निघाला. १८९९ मध्ये विल्यम पिकरिंग यांनी छायाचित्रांवरून शोधलेला शनीचा उपग्रह फीबीही तसाच. १९६० च्या दशकात रडारने दाखवले की, शुक्राचे परिवलनच उलट आहे. तेथे सूर्य पश्चिमेला उगवतो.

५/ मग सिद्धांत कोसळला का? विसाव्या शतकाच्या आरंभी तो बहुतांशी टाकून दिला गेला, पण मुख्यतः वेगळ्या कारणाने. सूर्यमालेचे ९९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान सूर्यात असूनही कोनीय संवेग प्रामुख्याने ग्रहांकडे आहे. याचा उलगडा लाप्लास यांच्या मांडणीतून होत नव्हता. पुढे वायू आणि धुळीच्या फिरत्या तबकडीच्या रूपात हीच कल्पना पुन्हा स्वीकारली गेली.

६/ अपवादांचाही अर्थ बदलला. ट्रायटन आणि फीबी हे दूरच्या प्रदेशातून येऊन ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणात अडकलेले पाहुणे मानले जातात. युरेनस बहुधा प्रचंड टकरीमुळे कलंडला असावा. सर्वांची समान दिशा सूर्यमालेचा जन्म सांगते. उलट्या दिशा जन्मानंतरच्या घडामोडी सांगतात.

७/ ट्रायटनला मात्र या उलट्या चालीची किंमत मोजावी लागणार आहे. भरती-ओहोटीच्या बलांमुळे त्याची कक्षा हळूहळू आकसते आहे. अब्जावधी वर्षांनी तो नेपच्यूनच्या इतका निकट येईल की, त्याचे तुकडे होतील.