गाणं तेच, गळा दुसरा

कॅसेटचा जमाना ज्यांनी पाहिलाय त्यांना 'व्हर्जन' हा शब्द समजावून सांगायला नको. सॉफ्टवेअरमधलं नव्हे हो, गाण्यातलं! बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. शब्द तेच, चाल तीच, वाजवणंही जमेल तितकं तसंच. गाणारा मात्र वेगळा. कॅसेट मूळ कंपनीपेक्षा स्वस्त. अनेक कव्हरांवर सिनेमाचं नाव ठसठशीत असायचं, आणि प्रत्यक्षात गायलंय कोण ते कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. घरी येऊन प्ले दाबलं की पहिल्या ओळीलाच कळायचं... अरेच्चा, या लताबाई नव्हेत!

बऱ्याच जणांना वाटतं की ही सरळसरळ पायरसी होती. तर नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ (१)(जे) असं एक दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. गाण्याची रचना ही एक वस्तू, तिचं ध्वनिमुद्रण ही दुसरी. ध्वनिमुद्रणाची नक्कल केलीत तर गुन्हा. पण गाणं एकदा परवानगीने रेकॉर्ड झालं, की रचनेच्या मालकाला नोटीस आणि रॉयल्टी देऊन ते दुसऱ्याला नव्याने गाऊन घेता येत असे. जुन्या गाण्यांचा खजिना बहुतेक एचएमव्हीकडे. गुलशनकुमारांच्या टी-सीरिजने ऐंशीच्या दशकात याच दारातून आत शिरून स्वस्त कॅसेट गावोगाव पोचवल्या.

आता, यात वाईट काय? माझ्या मते गाण्यात काहीच नाही. 'किशोर की यादें' कुमार सानूने गायली, 'रफी की यादें' सोनू निगमने. नव्या गळ्यांना संधी मिळाली आणि ज्यांना महाग कॅसेट परवडत नव्हत्या त्यांच्या घरी गाणी गेली. गोम होती ती लेबलात.

ही गोम कोर्टात गेली ती 'हम आपके हैं कौन'मुळे. सिनेमा १९९४चा, संगीत रामलक्ष्मण यांचं (म्हणजे आपले विजय पाटील), आवाज लता मंगेशकर आणि एस. पी. बालसुब्रमण्यम यांचे, कॅसेट एचएमव्हीची. टी-सीरिजने याच गाण्यांचं व्हर्जन काढलं आणि एचएमव्ही दिल्ली उच्च न्यायालयात गेली. १९९५ साली न्यायालयाने टी-सीरिजला बजावलं की मूळ कॅसेटसारखं दिसणारं वेष्टन वापरू नका, आणि हे मूळ साउंडट्रॅक नाही हे कव्हरवर ठळकपणे सांगा. म्हणजे खरा वाद अक्षरांच्या आकाराचा होता!

त्याच सुमारास कायदाही बदलला. मे १९९५पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मूळ गाण्यानंतर दोन वर्षं थांबणं आलं आणि लोकांची दिशाभूल करणाऱ्या लेबलवर बंदी आली. २०१२ साली कलम ३१सी आलं. आता पाच वर्षं थांबा; कव्हरवर मूळ गायकाचं नाव नको, चित्र नको, सिनेमाही नको; आणि हे कव्हर व्हर्जन आहे असं स्पष्ट लिहा.

छान. पण या साऱ्या भांडणात एक माणूस कुठेच दिसत नाही. पैसे मोजून फसलेला तो गिऱ्हाईक! ग्राहक संरक्षण कायदा १९८६पासून होता आणि मालाचं खोटं वर्णन करणं ही त्यात अनुचित व्यापारी प्रथाच होती. पण एका कॅसेटसाठी रजा टाकून जिल्हा ग्राहक मंचाच्या पायऱ्या कोण चढणार? त्यामुळे त्याला जे संरक्षण मिळालं ते दोन कंपन्यांच्या मारामारीतून सांडलेलं. आणि तेही कॉपीराइटच्या कायद्यात, जिथे दाद मागायची ती प्रामुख्याने हक्काच्या मालकाने, ऐकणाऱ्याने नव्हे.

आज कॅसेटही नाही आणि ते कागदी कव्हरही नाही. ॲपमध्ये गाण्याचं नाव मोठ्या अक्षरांत, कंसात सिनेमाचं नाव, आणि गायक खाली, करड्या बारीक अक्षरांत. ओळखीचा वाटतोय ना हा कोपरा? यूआय बनवणाऱ्या आपल्यासारख्यांना पक्कं ठाऊक असतं की तिथे कुणी बघत नाही.

आणि आता तर उलटा खेळ सुरू झालाय. गळा तोच वाटतो, पण गाणारा कुणीच नसतो. एआयने उचललेल्या आवाजाविरुद्ध अरिजित सिंग २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि त्याला संरक्षण मिळालं. चांगलंच झालं. पण इथेही फिर्यादी गायकच, श्रोता नाही.

२०१९च्या नव्या ग्राहक कायद्याने केंद्रीय प्राधिकरण नेमलंय. फसव्या जाहिरातींची दखल ते स्वतःहून घेऊ शकतं, एकेकट्याने खेटे घालायची गरज नाही. गाण्याच्या लेबलकडे त्यांनी एकदा बघावं. मागणी फार मोठी नाही हो: गातंय कोण ते मोठ्या अक्षरांत लिहा. मग ऐकायचं की नाही ते आमचं आम्ही ठरवू.