लेझरने चष्मा गेला, पण पुढचे दिवस कसे असतात? तालमीतल्या पोरांनी आधी वाचा

भरतीची तयारी करणारी गावाकडची बरीच पोरं चष्म्याचा नंबर घालवायला लेझर ऑपरेशनची चौकशी करतात. घरची वडीलधारी म्हणतात, "मोतीबिंदूसारखंच की!" तसं नाही. मोतीबिंदूत आतलं भिंग बदलतात. इथं डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा आकार लेझरने बदलतात.

लॅसिकमध्ये कॉर्नियाची पातळ चकती उचलतात, खाली लेझर मारतात आणि चकती परत जागेवर ठेवतात. टाका नसतो. त्या दिवशी डोळा चुरचुरतो, पाणी येतं, माती गेल्यागत खुपतं. दुसऱ्या दिवशी बऱ्याच जणांना स्वच्छ दिसतं, आणि इथंच पोरं फसतात. दिसतंय म्हणून लगेच कामाला लागतात, पण आतली जखम अजून ओलीच असते. डोळा अजिबात चोळायचा नाही. झोपताना डॉक्टरांनी दिलेलं कवच लावायचं. काही आठवडे विहीर-नदीत पोहणं बंद. ऊसतोड, पाचट जाळणं, औषध फवारणी यापासूनही लांब राहायचं. उसाचं पान डोळ्याला लागलं तर काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

सगळ्यात जास्त त्रास डोळे कोरडे पडण्याचा. लेझरने बारीक नसा कापल्या जातात, म्हणून काही महिने असं होतं. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात कमी होतं, थोड्यांचं राहतं. रात्री समोरून ट्रॅक्टर-ट्रॉली आली की दिव्याभोवती कडं दिसतं, तेव्हा सुरुवातीला रात्रीची मोटारसायकल नकोच. दिलेल्या थेंबांत स्टिरॉइड असू शकतं. ते मनाने वाढवलं किंवा मेडिकलमधून परत परत आणलं तर डोळ्याचा दाब वाढतो.

कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आलीच. लॅसिकची चकती जोराच्या फटक्याने पुढे कधीही सरकू शकते. त्यामुळे पैलवानाने आपण मातीत उतरतो हे डॉक्टरांना आधी सांगावं. चकती न उचलता करायची पीआरके ही पद्धत आहे. त्यात तीन-चार दिवस दुखतं, नजर हळू सुधारते, पण चकतीची भानगड नाही.

वय १८ च्या आत असेल, नंबर वर्षभर स्थिर नसेल किंवा कॉर्निया पातळ असेल तर थांबायचं. चाळिशीचा जवळचा चष्मा यानं टळत नाही. आणि भरतीसाठीच करत असाल तर त्या दलाची वैद्यकीय अट आधी वाचा. काही पदांना लेझर चालत नाही, काहींना ऑपरेशननंतर ठरावीक काळ जावा लागतो. आमच्या भावकीतल्या एका पोरानं हे नंतर वाचलं.

दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, डोळा लालभडक झाला, पू आला, नजर अचानक अंधुक झाली किंवा डोळ्याला मार बसला, तर सकाळची वाट बघू नका. जिथं ऑपरेशन झालं तिथं फोन करा. ते जमत नसेल तर सीपीआर गाठा, तिथं नेत्र विभाग आहे.