तार गेली, हिशोब आला

परवा हार्बरफ्रंटच्या धक्क्यावर बातामच्या बोटीची वाट बघत बसलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता. तेवढ्यात अमरावतीहून धाकट्या भावाचा फोन.

"दादा, विजेवरची गाडी घेतोय. साधी सोळा इंची चाकं घेऊ की अठरा? हिला मोठी आवडलीत."

बाबांना उपचारासाठी महिन्यातून दोनदा नागपूरला न्यावं लागतं. त्याच दिवशी परत, म्हणजे तीनशे किलोमीटर. मे महिन्यात त्यांना घेऊन चार्जिंगसाठी रस्त्यात ताटकळायचं नाही, ही खरी अडचण.

मी त्याला आधी ट्रामची गोष्ट सांगितली (सवय, दुसरं काय!).

इथून जवळच्या केपेल बंदराकडे १९०५ पासून विजेची ट्राम धावायची. मुंबईत ती १९०७ साली आली. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फारसं दबत नाही, त्यामुळे ते फिरतं ठेवायला वजनाच्या हजारात दोनेक भाग एवढाच जोर पुरतो. १९२६ मध्ये सिंगापुरात ट्रॉलीबस आली आणि वर्षभरात ट्राम गेली. आता चाकं रबराची. रबर प्रत्येक फेऱ्यात दबतं, पुन्हा फुगतं आणि त्यात वीज उष्णता होऊन जाते. पण प्रवाशाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. डोक्यावर तार होती! ऊन असो, पाऊस असो, लागेल तेवढी वीज वरून घ्यायची. इथली ट्रॉलीबस १९६२ मध्ये बंद झाली. गंमत म्हणजे मुंबईची त्याच वर्षी सुरू झाली आणि १९७१ पर्यंत चालली.

बॅटरीच्या गाडीला तार नाही. शिदोरी संपली की संपली.

"पण दादा, बैलगाडीचं चाक मोठं असतं ते ओढायला हलकं जावं म्हणूनच ना?"

बरोबर. पण तिथे अख्खं चाक मोठं असतं. मोटारीत बहुधा फक्त आतली रिम मोठी होते. बाहेरचं माप जवळपास तेच राहतं, रबराची पट्टी बारीक होते आणि टायर रुंद, जड. चांगला टायर हजारात आठ भाग जोर मागतो, रुंद टायर अकरासुद्धा. सोळाशे किलोच्या गाडीला तीनशे किलोमीटरमध्ये हा फरक सुमारे ४ युनिटचा. म्हणजे पंचवीसेक किलोमीटर.

आणि हवामान? युरोपात थंडीत बॅटरी मंदावते आणि हीटर वीज खातो. सिंगापुरात हीटर नाही, पण एसी बारमाही. सरासरी एक किलोवॉट धरा. ताशी ८० च्या वेगात किलोमीटरला साडेबारा वॉट-तास, तुंबलेल्या रस्त्यावर ताशी २० ने चाललात तर ५०! विदर्भातल्या मे महिन्यात दोन किलोवॉट धरले तर भावाच्या फेरीत एसीच साडेसात युनिट खाईल. चाकांपेक्षा जास्त. पण बाबा मागे बसलेले असताना एसी बंद करता येत नाही. चाकं मात्र आपल्या हातात आहेत.

"निघण्याआधी प्लग लावलेला असतानाच गाडी गार करून घे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपास."

"बरं. सोळाच घेतो," तो म्हणाला. "पण हिला तूच सांग."