परक्या पंगतीतले शिक्षण : वसईचे गोन्सालो गार्सिया आणि सोळाव्या शतकातील जपान

१/१२
परदेशी शिकायला जाणाऱ्याची पहिली परीक्षा बहुधा ताटासमोर बसल्यावर होते. काय खावे, कशाने खावे, कसे बसावे, हे सारे नव्याने शिकावे लागते. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी वसईचा एक मुलगा असाच परक्या पंगतीत जाऊन बसला. त्या काळी जेवणाची रीत हा केवळ चवीचा विषय नव्हता. त्यावर माणसाची पत, धर्म आणि प्रसंगी जीवही अवलंबून असे.

२/१२
२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली. १५५७ च्या सुमारास येथे गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. जेझुइट पाद्र्यांकडे त्यांचे शिक्षण झाले आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास फादर सेबास्तियाव गोन्साल्विस यांच्याबरोबर ते जपानला गेले.

३/१२
ज्या वसईतून ते निघाले, तेथे अन्न ही धर्माची सीमारेषा होती. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेले लोक ‘बाटले’, अशा कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितल्या जातात. कथा खरी की खोटी हा भाग वेगळा. पण एका पावाच्या तुकड्याने माणूस आपल्या जातीच्या पंगतीतून कायमचा उठू शकतो, ही भीती मात्र खरी होती.

४/१२
मग युरोपीय लोक तेव्हा कसे जेवत? आज फ्रेंच मेजवानी म्हटली की काटे-चमच्यांची शिस्तशीर रांग डोळ्यांपुढे येते. सोळाव्या शतकात तसे नव्हते. प्रसिद्ध फ्रेंच निबंधकार मॉन्तेन यांनी १५८८ मध्ये छापलेल्या निबंधांत मोकळेपणाने नोंदवले आहे, की ते चमचा-काटा फारसा वापरत नाहीत आणि घाईने जेवताना कधीकधी स्वतःचीच बोटे चावतात!

५/१२
जपानमध्ये दीर्घकाळ राहिलेले पोर्तुगीज जेझुइट लुईस फ्रॉईस यांनी १५८५ मध्ये युरोप आणि जपान यांच्या चालीरीतींची तुलना लिहिली. त्यांच्या निरीक्षणानुसार युरोपीय लोक सारे काही हातांनी खातात, तर जपानी स्त्रीपुरुष लहानपणापासून दोन काड्यांनी जेवतात. अन्नाला हात लागतच नसल्याने जेवणापूर्वी हात धुण्याची गरज त्यांना भासत नाही.

६/१२
फ्रॉईस पुढे नोंदवतात : युरोपात मेज आधी मांडलेले असते आणि अन्न मागून येते, जपानात प्रत्येकाचे छोटे मेज अन्नासह स्वयंपाकघरातून येते. युरोपात रोजचे अन्न गव्हाचा पाव, जपानात बिनमिठाचा भात. युरोपात खुर्ची, जपानात जमिनीवरची चटई. भात आणि जमिनीवरची बैठक वसईकराला नवी नव्हती. काड्यांनी जेवणे मात्र लिस्बनकराला आणि वसईकराला सारखेच परके होते.

७/१२
ही रीत शिकायची की नाही, यावर जपानमधील जेझुइटांतच मोठा वाद होता. १५७० पासून मिशनचे प्रमुख असलेले फ्रान्सिस्को काब्राल हे युरोपीय पद्धतीचे कट्टर आग्रही होते. जपानी तरुणांना उच्च शिक्षण आणि पाद्रीपद देण्यासही त्यांचा विरोध होता. गोन्सालो यांची उमेदीची वर्षे याच राजवटीत गेली.

८/१२
१५७९ मध्ये निरीक्षक म्हणून आलेल्या इटालियन आलेस्सांद्रो वालिन्यानो यांनी हे धोरण उलटवले. १५८१ मध्ये त्यांनी शिष्टाचारांची नियमावलीच लिहिली. मिशनच्या घरांत जेवण जपानी पद्धतीने व्हावे, कमालीची स्वच्छता असावी, डुकरे-बकऱ्या पाळू नयेत, गाय मारू नये आणि पाहुण्यांसाठी चहाची खोली सज्ज असावी. यजमान देशात आपण विद्यार्थी आहोत, अशी ती भूमिका होती.

९/१२
त्यांची काळजी रास्त ठरली. १५८७ मध्ये जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. त्या वेळी त्याने जेझुइटांना जे प्रश्न विचारले, त्यांतील एक थेट ताटाविषयी होता : माणसाच्या कामी येणारे बैल आणि घोडे तुम्ही का खाता? अन्नाची सवय अशी राजकीय आरोप बनली.

१०/१२
गोन्सालो यांनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षणाचे काम केले आणि जपानी भाषा उत्तम आत्मसात केली. तरीही जेझुइट संघात त्यांना प्रवेश मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला, पुढे मनिला गाठले आणि तेथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले. १५९३ मध्ये पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळ हिदेयोशीच्या भेटीस गेले, तेव्हा दुभाषी होते वसईचे गोन्सालो.

११/१२
१५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर अडकले आणि हिदेयोशीचा संशय बळावला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ ख्रिस्ती व्यक्तींना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांतील २० जण जपानी होते, ६ फ्रान्सिस्कन. त्या सहांत गोन्सालो होते. वय सुमारे ४० वर्षे. ज्या देशाची भाषा आणि रीत त्यांनी शिकून घेतली, त्याच देशात त्यांचा अंत झाला.

१२/१२
१८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे, गास गावात चर्च आहे. आणखी एक खूण रोजच्या जेवणात उरली आहे. पोर्तुगीज भाषेतील ब्रेडचा शब्द मराठीत ‘पाव’ झाला आणि जपानीत ‘पान’. ज्या पावाने वसईत माणसे बाटत, तो आज वड्यासोबत सर्रास खाल्ला जातो. नागासाकीत पोर्तुगिजांकडून आलेला ‘कास्तेरा’ केक गावची खासियत म्हणून विकला जातो. पंगतीच्या सीमा आखणारे गेले, पदार्थ मात्र दोन्ही किनाऱ्यांवर रुजले.