टीबीचं जीनोम सिक्वेन्सिंग म्हणजे काय? कोणतं औषध चालेल आणि आजार कुठून आला, हे जंतूच्या कोडवरून कसं कळतं

‘जीनोम सिक्वेन्सिंग’ हा शब्द आपण बहुतेकांनी कोविडच्या काळात पहिल्यांदा ऐकला. डेल्टा कुठला आणि ओमिक्रॉन कुठला, हे त्यातूनच कळायचं. तेच तंत्र आता टीबीसाठी, म्हणजे क्षयरोगासाठीही वापरतात. त्यातून एक मोठा गैरसमज दूर होतो: औषधांना दाद न देणारा टीबी झाला, म्हणजे पेशंटनं गोळ्या बुडवल्याच असणार, हा. मी धाराशिव जिल्ह्यातला आहे, त्यामुळं उदाहरणं शक्य तिथं इकडचीच देतो.

जंतूचा कोड केवढा असतो?

टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला. त्याचा डीएनए म्हणजे ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला साधारण ४४ लाख अक्षरांचा मजकूर. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाकला तर जेमतेम साडेचार एमबी, म्हणजे मोबाईलमधल्या एखाद्या फोटोएवढा. माणसाचा जीनोम याच्या जवळपास ७०० पट मोठा आहे.

हा मजकूर १९९८ मध्ये पहिल्यांदा पूर्ण वाचला गेला. तेव्हाचा नमुना आज ‘मास्टर कॉपी’सारखा वापरतात. नव्या पेशंटच्या जंतूचा मजकूर त्याच्याशेजारी ठेवायचा आणि कुठलं अक्षर बदललंय ते बघायचं.

एक अक्षर बदललं तर काय होतं?

टीबीच्या उपचारातलं महत्त्वाचं औषध म्हणजे रिफॅम्पिसिन. ते जंतूच्या एका प्रथिनाला चिकटून त्याचं काम थांबवतं. त्या प्रथिनाचा कोड ‘आरपीओबी’ नावाच्या जनुकात असतो. तिथं मोक्याच्या जागी एक अक्षर बदललं, की प्रथिनाचा आकार बदलतो आणि औषध चिकटतच नाही. कुलूप बदलल्यावर जुनी किल्ली लागत नाही, तसंच. आयसोनियाझिडसाठी ‘कॅटजी’ आणि फ्लुरोक्विनोलोन गटातल्या औषधांसाठी ‘जायआरए’ ही जनुकं बघतात.

कुठल्या बदलामुळं कुठलं औषध निकामी होतं, याची यादी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये काढली. २०२३ ची दुसरी आवृत्ती ५२ हजारांहून जास्त नमुन्यांवर आधारलेली आहे.

मग नेहमीच्या टेस्टमध्ये काय कमी आहे?

• मायक्रोस्कोप: थुंकीत जंतू दिसतो, पण कुठलं औषध चालेल ते कळत नाही.
• सीबीनॅट आणि ट्रूनॅट: टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन चालेल का, हे काही तासांत सांगतात. ट्रूनॅट गोव्याच्या मोलबायो कंपनीचं आहे.
• एलपीए: आयसोनियाझिड आणि आणखी काही औषधांचं कळतं.
• कल्चर: जंतू वाढवून त्यावर औषधं तपासतात. भरवशाची टेस्ट, पण जंतू सावकाश वाढतो, त्यामुळं काही आठवडे जातात.

सीबीनॅट आणि ट्रूनॅट रेझिस्टन्ससाठी कोडमधल्या ठरावीक ओळीच वाचतात. बदल त्या ओळींच्या बाहेर असेल तर तो निसटतो. सिक्वेन्सिंग जवळपास अख्खा मजकूर वाचतं, त्यामुळं बऱ्याच औषधांचं उत्तर एकदम मिळतं.

सिक्वेन्सिंग कसं करतात?

थुंकीतून जंतू वेगळे करून आधी वाढवतात, कारण थुंकीत माणसाचाही डीएनए भरपूर असतो. मग जंतूचा डीएनए काढून त्याचे बारीक तुकडे करतात आणि मशीन ते वाचतं. सॉफ्टवेअर हे लाखो तुकडे मास्टर कॉपीवर जागच्या जागी बसवतं आणि बदल शोधतं. टीबी-प्रोफायलर आणि मायक्रोब ही यासाठीची सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. हातात मावणारे, यूएसबीला जोडायचे सिक्वेन्सरही आता आहेत.

जंतू वाढवायचा वेळ वाचावा म्हणून फक्त महत्त्वाची जनुकं थेट थुंकीतून वाचायची पद्धतही आली आहे. तिला ‘टार्गेटेड सिक्वेन्सिंग’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तिची शिफारस केली.

टीबी कुठून आला, हे कसं कळतं?

टीबीच्या जंतूत साधारण दोन वर्षांत एखादं अक्षर बदलतं. म्हणून दोन पेशंटच्या जंतूंत पाच किंवा कमी अक्षरांचा फरक असेल, तर त्यांच्यात अलीकडचा संबंध असण्याची शक्यता मोठी. बारापेक्षा जास्त फरक असेल, तर थेट संबंध बहुधा नाही.

आता कल्पना करा. कळंब, भूम, वाशीकडच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि हंगामभर कोपीत दाटीवाटीनं राहतात. परत आल्यावर एकाच गावातल्या दोघांना टीबी निघाला. दोघांच्या जंतूंत दोनच अक्षरांचा फरक असेल, तर अख्ख्या टोळीची तपासणी करायला हवी, मग ते लोक आज कुठल्याही तालुक्यात असोत. फरक पन्नास अक्षरांचा असेल, तर दोघांना तो वेगवेगळ्या ठिकाणी लागला आणि शोध दोन दिशांना घ्यायचा.

मुंबईत काय दिसलं?

मुंबईतल्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१२ च्या सुमारास, तपासलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे पेशंट नोंदवले आणि जगभर खळबळ उडाली. पुढं मुंबई महानगर परिसरातल्या जंतूंचं मोठ्या प्रमाणावर सिक्वेन्सिंग झालं. ‘जीनोम मेडिसिन’ नियतकालिकातल्या २०२२ च्या अभ्यासात दिसलं, की तिथल्या औषधरोधक टीबीत ‘लिनिएज २’ या कुळातल्या काही मोजक्या वाणांचं वर्चस्व आहे आणि त्यांच्यात फ्लुरोक्विनोलोनलाही रेझिस्टन्स मोठ्या प्रमाणात आहे.

जंतू एकमेकांशी इतके सारखे असतील, तर प्रत्येक पेशंटच्या शरीरात रेझिस्टन्स नव्यानं तयार झालेला नसतो. आधीच रेझिस्टंट असलेला जंतू एकाकडून दुसऱ्याला लागत जातो. म्हणजे आयुष्यात टीबीची एकही गोळी न घेतलेल्या माणसालाही पहिल्याच वेळी औषधरोधक टीबी होऊ शकतो. अशा पेशंटला घरात ‘तूच गोळ्या टाकून दिल्या असशील’ म्हणणं म्हणजे आजारावर अन्याय वरून. गोळ्या मध्येच सोडल्यानं रेझिस्टन्स तयार होतो, हे खरंच आहे. पण तेवढं एकच कारण नाही.

उपचारावरही याचा परिणाम होतो. औषधरोधक टीबीसाठी भारतानं २०२४ मध्ये मंजूर केलेल्या सहा महिन्यांच्या ‘बीपाल्म’ कोर्समध्ये मॉक्सिफ्लॉक्सॅसिन आहे, आणि ते फ्लुरोक्विनोलोनच आहे. ते चालणार का, हे आधी कळलेलं बरं.

याच्या मर्यादा

सरकारी कार्यक्रमात प्रत्येक पेशंटचं सिक्वेन्सिंग होत नाही. नेहमीच्या तपासणीत सीबीनॅट किंवा ट्रूनॅटच होतं. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०२२ मध्ये ‘डेअर टू इरॅड टीबी’ कार्यक्रमातून देशभरातल्या जंतूंचं सिक्वेन्सिंग हाती घेतलं. इंग्लंडमध्ये मात्र ते नेहमीच्या तपासणीचाच भाग आहे. शिवाय कोणाकडून कोणाला लागला, हे नुसत्या अक्षरांवरून ठरत नाही. त्यासाठी आशाताई आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी घरोघरी केलेली चौकशी लागतेच.

तुम्ही काय करायचं?

• दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणं असेल, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. टेस्ट आणि औषधं मोफत आहेत.
• टीबी निघाला तर विचारा: ‘रिफॅम्पिसिन रेझिस्टन्सची टेस्ट झाली का?’ रेझिस्टन्स निघाला तर पुढचा प्रश्न: ‘बाकी औषधांसाठी नमुना पाठवला का?’
• मेडिकलवरून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक घेऊ नका. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी गोळी टीबी काही दिवस झाकून ठेवते आणि रेझिस्टन्सला वाट करून देते.
• घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या.
• निक्षय पोर्टलवर नोंद झाली का ते बघा. पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात मिळतात. हेल्पलाइन: १८००-११-६६६६.